किनाऱ्यावरचा पडका बुरूज चालवायला घेणे म्हणजे नेमके काय

इटलीचे सरकार समुद्रकाठचे जुने टेहळणी बुरूज आणि दीपगृहे दुरुस्तीसाठी व वापरासाठी देत आहे, ही बातमी गेल्या काही वर्षांत मोबाइलवर पुनःपुन्हा फिरली आहे. साताऱ्यातील दुर्गप्रेमींच्या गटांत ती आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. काहींना वाटते की आपल्याकडेही असे व्हावे, म्हणजे ढासळत चाललेले बुरूज आणि गढ्या वाचतील. काहींना वाटते की वारसा परक्याच्या हाती देणे म्हणजे तो विकण्यासारखेच आहे. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत, परंतु या व्यवहारात सरकार काय देते, घेणारा काय पत्करतो आणि मुळात पडका बुरूज पुन्हा उभा कसा राहतो, हे समजल्याशिवाय कोणत्याही बाजूने मत बनवणे घाईचे ठरेल.

प्रथम हे बुरूज कशासाठी बांधले गेले ते पाहू. सोळाव्या शतकात दक्षिण इटलीचा मोठा प्रदेश नेपल्सच्या राज्यात मोडत होता आणि स्पेनच्या राजाच्या वतीने व्हाइसरॉय तेथील कारभार पाहत. १४८० मध्ये ऑटोमन आरमाराने ओत्रांतो हे बंदर जिंकले होते, आणि त्यानंतरच्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारे चाचे गावे लुटून माणसांना गुलाम म्हणून पळवून नेत. या दहशतीला उत्तर म्हणून बुरूज बांधण्याचे आदेश निघत राहिले, आणि १५६३ मध्ये पाराफान दे रिबेरा या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत संपूर्ण किनाऱ्यावर त्यांची सलग साखळी उभारण्याचे काम पद्धतशीरपणे हाती घेण्यात आले. एका बुरुजावरून पुढचा बुरूज दिसलाच पाहिजे, हा त्या साखळीचा मूळ नियम होता. दिवसा धुराने आणि रात्री जाळाने इशारा पुढे जाई. अजिंक्यताऱ्यावर उभे राहून सज्जनगड, जरंडेश्वर, नांदगिरी आणि चंदन-वंदन न्याहाळणाऱ्या सातारकराला हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जिअर्स घेतल्यावर चाच्यांचे भय संपले, बुरुजांचे काम संपले, आणि काही ठिकाणी जकातीच्या पहाऱ्यापुरते वापरले गेलेले हे बुरूज हळूहळू ओसाड झाले.

त्यांची रचना लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे वापर ठरवताना तीच आडवी येते. भिंती तळाशी रुंद असून वर निमुळत्या होत जातात आणि त्यांची जाडी दोन मीटरहून अधिक असणे नेहमीचे आहे. दरवाजा जमिनीलगत नसून पहिल्या मजल्यावर असे आणि शिडी वर ओढून घेतली की आत शिरण्याचा मार्गच उरत नसे. तळमजल्यात बहुधा पावसाच्या पाण्याचे टाके, त्यावर दगडी कमानीचे छत असलेली एक खोली, आणि सर्वांत वर तोफेसाठी व पहाऱ्यासाठी मोकळी गच्ची. खिडक्या मोजक्या आणि अरुंद. शत्रूला आत येऊ न देणे हाच ज्या वास्तूचा हेतू होता, तिच्यात आता पाहुण्यांना, वृद्धांना आणि शाळेच्या मुलांना आणायचे आहे, ही या कामातील खरी अडचण आहे.

आता व्यवहाराकडे वळू. या वास्तू विकल्या जात नाहीत. सरकारी मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या इटालियन संस्थेने २०१५ मध्ये दीपगृहे आणि किनाऱ्यावरील वास्तूंसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात मालकी राज्याकडेच राहते आणि घेणाऱ्याला जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. सर्वाधिक भाडे देणाऱ्यालाच वास्तू मिळते असेही नाही. प्रस्तावात लोकांना प्रवेश कसा राहील, पर्यावरणाची काळजी कशी घेतली जाईल, परिसराला काय लाभ होईल, यालाही गुण असतात. २०१७ मध्ये इटलीनेच जुन्या यात्रामार्गांवरील व सायकलमार्गांवरील १०३ सरकारी वास्तू पुढे आणल्या आणि त्यांपैकी काही चाळिशीच्या आतील तरुणांच्या संस्थांना भाडे न घेता ९ वर्षांसाठी, पुढे तितक्याच मुदतवाढीच्या तरतुदीसह, देऊ केल्या. 'फुकट किल्ला' हा मथळा तेथूनच आला असावा. भाडे माफ असले तरी दुरुस्तीचा सारा खर्च घेणाऱ्याचा असतो आणि मुदत संपल्यावर त्याने केलेल्या सुधारणांसह वास्तू सरकारकडे परत जाते, ही बाब मथळ्यात मावत नाही. पोर्तुगालनेही २०१६ पासून अशाच पद्धतीने मठ, किल्ले आणि जुने वाडे दीर्घ मुदतीने द्यायला सुरुवात केली.

मुदत इतकी लांब का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पहिली काही वर्षे मोजणी, परवानग्या आणि दुरुस्ती यांतच जातात, त्या काळात उत्पन्न शून्य असते, आणि घातलेला पैसा परत येण्यास त्यानंतर बराच काळ लागतो. मुदत आखूड ठेवली तर घेणारा माणूस टिकाऊ पण महाग दुरुस्ती टाळून झटपट रंगरंगोटी करतो. म्हणजे वरवर सावध वाटणारी पाच वर्षांची मुदत प्रत्यक्षात वास्तूला घातक ठरू शकते. त्याऐवजी मुदत लांब ठेवावी आणि करारात ठरावीक काळाने तपासणी, तसेच अटी मोडल्यास करार रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार ठेवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

परंतु करार कितीही चांगला असला तरी बुरूज शेवटी भिंतीवर उभा असतो, म्हणून भिंतीविषयी सविस्तर बोलले पाहिजे. जाड दगडी भिंत आतून-बाहेरून एकसंध नसते. बाहेरच्या आणि आतल्या बाजूला घडीव किंवा निवडक दगडांचे दोन थर असतात आणि मधली पोकळी लहानमोठे दगड, माती व चुना यांच्या भरावाने भरलेली असते. माथ्यावरचा गिलावा गेला की पावसाचे पाणी या भरावात उतरते, चुना धुऊन नेते, भराव खाली बसतो आणि त्याच्या दाबाने बाहेरचा थर फुगू लागतो. भिंतीला 'पोट सुटले' असे आपले गवंडी म्हणतात ते हेच. एके दिवशी तो थर सोलून निघाल्यासारखा कोसळतो आणि लोक म्हणतात की बुरूज अचानक पडला. प्रत्यक्षात तो अनेक पावसाळे पडत असतो.

त्यामुळे दुरुस्तीचा आरंभ माथ्यापासून होतो. गच्चीला पुन्हा उतार देणे, पाणी बाहेर फेकणाऱ्या दगडी पन्हाळी मोकळ्या करणे, उघड्या पडलेल्या भिंतीचा माथा चुन्यात बांधून झाकणे, ही कामे डोळ्यांत भरत नाहीत आणि छायाचित्रातही दिसत नाहीत, पण वास्तूचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असते. पिंपळ, वड, उंबर यांची रोपे सांध्यांत रुजलेली असतील तर ती हाताने उपटू नयेत, कारण मुळांसोबत दगडही निघतात. खोड कापून मूळ जागच्या जागी मारावे लागते आणि नंतर पोकळी भरावी लागते. तडे रुंदावत आहेत की स्थिर आहेत हे कळण्यासाठी त्यांच्यावर काचेच्या पट्ट्या बसवून काही महिने निरीक्षण करतात. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे असे समजते. पोकळ झालेल्या भरावात पातळ चुना कमी दाबाने सोडून तो पुन्हा बांधला जातो.

समुद्रकाठी यात मिठाची भर पडते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाऱ्याबरोबर आलेले तुषार भिंतीत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत तयार होतात. पुन्हा ओल आली की ते विरघळतात, पुन्हा वाळले की वाढतात, आणि या सततच्या दाबाने दगडाचा पृष्ठभाग भुकटीसारखा झडू लागतो. मऊ चुनखडकात किंवा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या सच्छिद्र दगडात हे अधिक वेगाने घडते. यावर लगेच गुण देणारे औषध नाही. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे किंवा मातीचे लेप लावून, ते वाळताना क्षार त्यांत ओढून घेऊन काढावे लागतात, आणि हे पुनःपुन्हा करावे लागते.

येथेच सिमेंटचा प्रश्न येतो, आणि तो समुद्रकाठाइतकाच साताऱ्यालाही लागू आहे. सिमेंट मजबूत आहे हे खरे, पण जुन्या भिंतीला ते फार कडक आणि फार बंद पडते. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडत असते. सांध्यांवर सिमेंट थापले की ओल्या अंगावर रेनकोट चढवल्यासारखी तिची कोंडी होते. मग ओल दगडातून वाट शोधते आणि सांध्याऐवजी दगड झडू लागतो. सांधा झिजला तर तो पुन्हा भरता येतो, चारशे वर्षांपूर्वीचा घडवलेला दगड पुन्हा आणता येत नाही. आपला काळा पाषाण घट्ट असल्यामुळे तो स्वतः फारसा झडत नाही, परंतु म्हणूनच ओलीला बाहेर पडण्यास सांधा हा जवळजवळ एकमेव मार्ग उरतो, आणि तो बंद केला की पाणी आतल्या भरावात साठून राहते. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी सळईच्या काँक्रीटने जुन्या वास्तू 'पक्क्या' करण्यात आल्या. खाऱ्या हवेत त्या सळया गंजल्या, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट फुटले आणि सोबत जुना दगडही फुटला.

चुन्याचे काम मात्र संयम मागते. चुनखडी भट्टीत भाजून मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवायचा, पुरेसा काळ मुरू द्यायचा, वाळूबरोबर घाणीत, म्हणजे दगडी चाकाने चुना मळण्याच्या गोल चरात, मळायचा, आणि भिंतीत घातल्यावर ओल्या गोणपाटाखाली जपायचा. कारण साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागापासून आत अत्यंत सावकाश घट्ट होतो. ओलसर जागी तो लवकर घट्ट व्हावा म्हणून नेपल्सच्या परिसरात पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत. आपल्याकडे तेच काम सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, करीत आली आहे. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांचे पाणी घालण्याची आपली रीतही जुनी आहे. लिंब येथील बारा मोटांची विहीर आणि मेणवलीचा घाट पाहताना आपण दगडाच्या घडणीचे कौतुक करतो, तसे ते सांध्यांतील चुन्याचेही व्हायला हवे. आज खरी टंचाई चुन्याची नसून तो हाताळणाऱ्या हातांची आहे, आणि ज्या दुरुस्तीत दोन तरुण गवंडी हे काम शिकून तयार होतात, ती दुरुस्ती मी दुप्पट मोलाची मानेन.

पडलेला भाग किती आणि कसा उभारावा, यावर १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याने, दिलेले उत्तर आजही जगभर आधाराला घेतले जाते. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असे ती सांगते. जुने नकाशे, छायाचित्रे, जागेवर पडलेले दगड यांवरून जे सिद्ध होते तेवढेच पुन्हा बांधावे, आणि नवा भाग जुन्याशी जुळणारा पण जवळून पाहिल्यावर वेगळा ओळखू येणारा असावा. आपल्याकडे उत्साहाच्या भरात नवे कंगोरे, नव्या कमानी, नवे बुरूज चढवले जातात. त्यामागची श्रद्धा मी समजू शकतो, पण त्यामुळे पुढच्या पिढीला खरे काय आणि आपण कल्पिलेले काय, हे कधीच कळणार नाही.

वापराविषयी त्याच सनदेत म्हटले आहे की समाजोपयोगी वापरामुळे वास्तूचे जतन सुकर होते, मात्र त्या वापराने तिची मांडणी बदलता कामा नये. हे वाक्य मला या संपूर्ण विषयाचा कणा वाटते. वापर नसलेली वास्तू दुरुस्त करून सोडून दिली तर काही पावसाळ्यांत ती पुन्हा पडकी होते, कारण गळती कोणाच्या लक्षातच येत नाही. तेव्हा वापर हवा. पण तो बुरुजाच्या अंगाने ठरला पाहिजे. एका खोलीच्या बुरुजात वीस खोल्यांचे हॉटेल बसवायचे म्हटले की भिंती फोडाव्या लागतात, शेजारी इमारत बांधावी लागते, आणि मग बुरूज केवळ जाहिरातीपुरता उरतो. त्याउलट समुद्री पक्ष्यांचे निरीक्षण केंद्र, छोटे संग्रहालय, वाचनालय, किंवा एका वेळी एकच कुटुंब राहू शकेल असे निवासस्थान, हे वापर त्या एका खोलीत सामावतात. वर जाण्यासाठी जिना लागतोच. तो भिंतीत खिळे न ठोकता स्वतंत्र उभा राहणारा, उद्या काढून टाकता येईल असा पोलादी किंवा लाकडी असावा. स्वच्छतागृह बुरुजात न घालता थोड्या अंतरावर असावे. विजेच्या तारा भिंत खोदून न नेता उघड्या पण नीटनेटक्या नेता येतात.

याची चांगली उदाहरणे आहेत. माल्टामध्ये सतराव्या शतकातील किनारी बुरुजांपैकी काहींची देखभाल 'दिन लार्त हेल्वा' ही १९६५ पासूनची स्वयंसेवी संस्था करते, आणि मेलिहा येथील लाल बुरूज तिने दुरुस्त करून लोकांसाठी उघडा केला. ब्रिटनमध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या भयाने बांधलेल्या मार्टेलो बुरुजांपैकी ऑल्डबरा येथील बुरूज लँडमार्क ट्रस्ट पाहुण्यांना मुक्कामासाठी देते आणि त्या उत्पन्नातून देखभाल करते. याच संस्थेने डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील १८३० चा क्लॅव्हेल मनोरा वाचवला. खालचा कडा समुद्र पोखरत असल्याने, दगडांना क्रमांक देऊन तो मनोरा उतरवण्यात आला आणि सुमारे २५ मीटर आत पुन्हा तसाच बांधण्यात आला. हे काम २००८ मध्ये पूर्ण झाले. असा उपाय क्वचितच परवडतो, पण किनाऱ्यावरील वास्तू घेण्यापूर्वी तिच्याखालची जमीन किती वर्षे टिकणार आहे हे तपासावे, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

आता आपल्याकडे हे कसे लागू होते ते पाहू. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई व त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत नियंत्रण आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. कोकण किनाऱ्यावर याशिवाय सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम येतात, आणि पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा त्यातील सर्वांत कडक वर्गात मोडतात. राज्याने २००७ मध्ये सुरू केलेल्या संगोपन योजनेत संस्थांना स्मारकाचे पालकत्व घेता येते; मालकी हस्तांतरित होत नाही. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गाची देखभाल या मार्गाने एका खासगी कंपनीकडे देण्यात आली होती.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातील सुमारे २५ किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि शिवकालीन संरक्षित किल्ले त्यात येणार नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप मला योग्य वाटतो. प्रतापगड आता २०२५ पासून जागतिक वारसा यादीतील बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. अशा ठिकाणी मुक्कामाच्या खोल्यांचा विचारही नको. परंतु त्याच रोषात आपण दुसरी एक गोष्ट दृष्टीआड केली, ती म्हणजे कोणत्याच यादीत नसलेल्या वास्तू. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कित्येक गावांत गढीचा एखादा बुरूज, वेशीची कमान किंवा तटाचा तुकडा उभा आहे, ज्याची दुरुस्ती करण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच नाही. तेथे गावातील संस्थेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देणे, हा वारसा विकणे नसून त्याला जबाबदार माणूस मिळवून देणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

अशा गावाने कामाला कोठून लागावे? सर्वप्रथम मालकी. गढी अनेकदा वारसांच्या सामाईक नावावर असते आणि त्यांपैकी काही जण मुंबई-पुण्यात असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून सर्वांची लेखी संमती मिळाल्याखेरीज एक दगडही हलवू नये. वास्तू केंद्र किंवा राज्य संरक्षित नाही ना, याची पुरातत्त्व खात्याकडून लेखी खातरजमा करावी, कारण संरक्षित वास्तूत परवानगीविना केलेली प्रेमाची दुरुस्तीही गुन्हा ठरते. त्यानंतर प्रत्येक बाजूचे मोजमाप व छायाचित्रे, आणि पडलेले दगड जागच्या जागी मांडून ठेवणे. गावात बांधकामासाठी हे दगड नेण्याची जुनी सवय आहे. ती ग्रामसभेच्या ठरावाने थांबवता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मग पावसाचे पाणी. महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावच्या बाजूला जेमतेम पाचशेच्या आसपास, त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन बुरुजांची निकड वेगळी असू शकते. पश्चिमेकडील गावाने पहिल्या वर्षी केवळ माथ्यावरचे पाणी वळवले आणि झाडे योग्य रीतीने काढली, तरी पुढच्या कामासाठी उसंत मिळते. पूर्वेकडे पाऊस थोडा असला तरी तो एकदम कोसळतो आणि मातीचा भराव असलेल्या भिंती त्यातच बसतात, म्हणून तेथे तळाशी पाणी साचू न देणे अधिक महत्त्वाचे. वारसा जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून या पहिल्या टप्प्याचे अंदाजपत्रक करून घ्यावे, आणि त्यात चुन्याचा स्वतंत्र उल्लेख आहे ना हे तपासावे. नसेल तर ठेकेदार सिमेंटच वापरणार, असे धरून चालावे. वाचनालय, व्यायामशाळा की गावाच्या जुन्या कागदपत्रांचे दालन, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा, कारण तोपर्यंत आतली खोली कोरडी राहते की नाही आणि तिच्यात किती माणसे मावतात, हे सर्वांना दिसलेले असेल.